उन्हाळ्यात मांड्या घासून सोलतात त्यावर मी वापरलेलं सगळं: हाफ पँट, व्हॅसलीन, पावडर, स्टिक, कशाला पैसे घालावेत आणि कशाला नाही

आधी निकाल सांगून टाकते, कारण एप्रिल-मे मध्ये हे शोधत जी कोणी आली असेल तिची आत्ता आग आग होत असणार आणि लांबलचक वाचायचा पेशन्स नसणार. साडीखाली किंवा कुर्त्याखाली घालायची पातळ लांब हाफ पँट, पाचपैकी पाच. साधं पांढरं व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेली, साडेचार, अर्धा मार्क फक्त कपड्यांना डाग पडतात म्हणून कापला. धावणारे लोक वापरतात ती स्टिक, साडेतीन, वस्तू चांगली आहे पण महाग. पावडर, दोन, आणि ते पण कोरड्या हवेतच. आणि मेडिकलमध्ये नुसतं "खाज येते हो" म्हटल्यावर जी ट्यूब काढून देतात ती, शून्य. तिच्याबद्दल खाली लिहिलंय ते घाई असली तरी वाचाच.

मी शाळेत शिकवते, साडी रोजची, राहते ठाण्यात आणि माहेर नागपूर. त्यामुळे दोन्ही प्रकारचा उन्हाळा अंगावर घेतलाय आणि हे मुद्दाम सांगतेय कारण एकीकडे जी वस्तू चालते ती दुसरीकडे चालतेच असं नाही आणि ऑनलाइन रिव्ह्यू लिहिणाऱ्या बायका हे कधीच सांगत नाहीत की त्या राहतात कुठे. ठाण्या-मुंबईत घाम वाळतच नाही. सकाळी साडेसहाला घरातून निघाल्यापासून परकर आतून ओला तो संध्याकाळपर्यंत ओला, आणि कातडी तासन् तास ओली राहिली की मऊ पडते, पांढुरकी होते, आणि ओलसर कातडी कोरडीपेक्षा जास्त चिकटून घासते. म्हणजे दोन्ही मांड्या एकमेकींवर नुसत्या सरकत नाहीत, अडकत अडकत सरकतात आणि वरचा थर निघून येतो. नागपुरात उलटं. ४४-४५ डिग्रीच्या कोरड्या हवेत घाम आला कधी आणि गेला कधी कळतच नाही, पण त्यातलं मीठ मागे राहतं. ब्लाउजच्या पाठीवर पांढऱ्या रेघा उमटतात ना, तेच मीठ मांडीवर पण असतं, फक्त दिसत नाही, आणि त्या खरखरीत थरावर चालणं म्हणजे काचकागदाने घासल्यासारखंच. म्हणून बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या मोठ्या बाजारात, दोन तास फिरून आलं की मांडीच्या आतल्या बाजूला लालभडक पट्टा आणि त्यावर अंघोळीचं पाणी पडलं की जी चुरचुर होते ती ज्याची त्यालाच माहीत.

आणि हे फक्त जाड बायकांना होतं असं काही नाहीये. माझी बहीण अगदी सडपातळ आहे आणि तिला माझ्यापेक्षा जास्त होतं कारण तिचा जॉबच फिरतीचा. ज्यांच्या मांड्या वरच्या बाजूला एकमेकींना टेकतात त्या सगळ्यांना होतं आणि बहुतेक सगळ्यांच्या टेकतात, शरीराची ठेवणच ती आहे. पण बोलत कोणीच नाही. बायका पाय जरा फाकवून हळू चालतात, घरी येऊन गुपचूप खोबरेल लावतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्या आईने असे कितीतरी उन्हाळे काढलेत आणि ते तिने मला सांगितलं ते मी स्वतः विचारल्यावर. याचं मला फार वाईट वाटतं कारण यावरचा उपाय तीनशे रुपयांत मिळतो.

तर हाफ पँट. दुकानात "साडीच्या आतली हाफ पँट" किंवा "सायकलिंग शॉर्ट्स" म्हणून मागायची, ऑनलाइन "अंडर स्कर्ट शॉर्ट्स" टाकलं की ढीगभर येतात. तत्त्व एकदम सोपं आहे, कातडी कातडीला लागूच द्यायची नाही, घासायचं तर कापडाने कापडाला घासावं. पण यात कापड, लांबी आणि शिलाई या तीन गोष्टी बघितल्या नाहीत तर पैसे पाण्यात.

कापडाचं म्हणाल तर लहानपणापासून आपल्याला शिकवलंय की उन्हाळ्यात सुती घाला, आणि बाहेरच्या कपड्यांना ते शंभर टक्के खरं आहे. पण मांडीला घट्ट बसणारी जी पँट आहे ती शंभर टक्के सुती असेल तर ती घाम पिऊन बसते आणि लवकर सोडत नाही, मग ओलं सुती कापडच काचायला लागतं. ठाण्यात मला नायलॉन-स्पँडेक्सची पातळ गुळगुळीत पँट जास्त बरी वाटते, ती लवकर वाळते, रात्री धुऊन पंख्याखाली टाकली तर सकाळी कोरडी मिळते. नागपुरात कॉटन-लायक्राची चालते, तिथे वाळायचा प्रश्नच नसतो आणि नायलॉन तिथल्या दुपारी अंगाला गरम लागतं. मोडालची पण वापरून पाहिलीये, एकदम मऊ, अंगावर आहे की नाही कळत नाही, पण घासून घासून आतल्या बाजूला लवकर गोळे येतात आणि गोळे आलेली पँट मग स्वतःच टोचते, तेव्हा गोळे दिसले की ती बाद करायची, कितीही चांगली दिसत असली तरी.

लांबी हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि इथेच कंपन्या कंजूषपणा करतात. फोटोत मॉडेलला मांडीच्या अर्ध्यावर येणारी पँट आपल्याला अजून वर येते, आणि जिथे घासतं नेमकं तिथेच तिची कड येते, म्हणजे आधी कातडीने सोलत होतं आता कडेने सोलतं. गुडघ्याच्या वर चार बोटं, एवढी लांब पाहिजे. घालून बघायला मिळाली तर दुकानातच दोन-तीनदा खाली बसून उठायचं, थोडं चालायचं, कड गुंडाळत वर आली तर परत द्यायची, घरी जाऊन ती सुधारत नाही. एका ऑनलाइन ब्रँडची (नाव घेत नाही) कड वर येऊ नये म्हणून आतून सिलिकॉनची पट्टी लावलेली आली होती, एसीत बसून काम करणारीला चालत असेल, पण लोकलमधून उतरेपर्यंत त्या पट्टीखाली घाम साठून गोल लाल वळ उठले आणि वर खाज. उन्हाळ्यात सिलिकॉनची पट्टी नकोच. त्यापेक्षा कड रुंद आणि चपटी असलेली घ्या.

शिलाई बघताना पँट उलटी करा. आतल्या मांडीवरून जर उंच उभी शिवण खाली जात असेल तर ती नको. चांगल्या पँटीत शिवण चपटी असते, बोट फिरवलं तर जेमतेम हाताला लागते, आणि दोन पायांच्या मधे वेगळा तुकडा जोडलेला असतो त्यामुळे चार शिवणी एका बिंदूवर येऊन गाठ होत नाही. तो तुकडा सुती असला तर अजून चांगलं. साइज नेहमीची घ्या किंवा एक मोठी, पोट दाबणारी 'शेपवेअर' टाइपची या कामासाठी अजिबात नको. ती घातली की कंबरेला आणि मांडीला दोन्हीकडे घाम कोंडतो, घामोळं येतं, आणि दिवसभर श्वास कोंडल्यासारखं होतं ते वेगळंच. मी ज्या पँटी आता घालते त्या एका साध्या लोकल दुकानातल्या आहेत, तीनशेच्या आतल्या, आणि त्यांच्या तिप्पट किमतीच्या ब्रँडेडपेक्षा मला त्या जास्त आवडतात कारण त्यांची कड लोळत नाही.

आता व्हॅसलीन. यात मी ब्रँडचं कौतुक करत नाहीये, कुठलीही शुद्ध पेट्रोलियम जेली घ्या, वास नाही रंग नाही अशी. अमेरिकेत तेलाच्या विहिरींवर काम करणारे कामगार पंपाच्या दांड्यावर जमणारा मेणचट गाळ कापलं-भाजलं की लावायचे, ते बघून रॉबर्ट चेसब्रो नावाच्या माणसाने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं, तेव्हापासून वस्तू तीच आहे. ती कातडीत मुरत नाही, वर थर धरून बसते, म्हणून घासणं कमी होतं आणि घाम, मीठ दोन्ही कातडीपासून लांब राहतं. खोबरेल इथे का हरतं ते पण सांगते, खोबरेल साधारण २४-२५ डिग्रीला वितळतं, आपल्या उन्हाळ्यात ते बाटलीतच पाणी झालेलं असतं, मांडीवर लावलं की अर्धं मुरतं अर्धं परकराला लागतं आणि तासाभरात आपण परत कोरडे. घरी बसल्या लावायला खोबरेल ठीक आहे, बाहेर जायला नाही.

लावायची पद्धत अशी की अंघोळ झाल्यावर मांड्या पूर्ण कोरड्या करायच्या, पंख्याखाली दोन मिनिटं थांबायचं, मग हरभऱ्याएवढं एका मांडीला आणि तेवढंच दुसरीला, पातळ पसरवायचं. जास्त थापलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त चिकट होतं. ओल्या अंगावर लावलं तर घाम खाली अडकतो. दुपारपर्यंत टिकतं, मग परत लावायला लागतं, पर्समध्ये छोटी डबी ठेवायची. फक्त डबीत बोट घालताना हात धुतलेला पाहिजे, आणि सोललेल्या जागेला लावलेलं बोट परत डबीत घालायचं नाही, शक्यतो ट्यूबच घ्या. सिल्कच्या साडीखाली नुसतं व्हॅसलीन लावून जाऊ नका, डाग जात नाही. रोजच्या परकराचे डाग गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने बऱ्यापैकी निघतात. लग्नकार्यात मी दोन्ही करते, खाली व्हॅसलीन वर पँट. मे महिन्यातलं लग्न, दुपारचा मुहूर्त, जड साडी, हॉलमध्ये माणसं मावत नाहीत, आणि तरी रात्री घरी येऊन मांड्या जशाच्या तशा. ज्यांना पँट घालून उकडतंच त्यांनी नुसतं व्हॅसलीन लावलं तरी चालेल, छोट्या फेऱ्यांना पुरतं.

स्टिक म्हणजे डिओ स्टिकसारखी दिसते, मांडीवर फिरवायची, हात चिकट होत नाहीत, डाग कमी पडतात. बॉडीग्लाइड नावाची परदेशी मिळते, आता आपल्याकडच्याही बऱ्याच आल्यात, आणि डिकॅथलॉनमध्ये धावणाऱ्यांच्या रॅकवर अँटी-चेफिंग क्रीम असतं. काम करतात, खोटं कशाला बोलू. पर्समधून काढून स्टेशनच्या बाथरूममध्ये पटकन फिरवायला व्हॅसलीनपेक्षा सोपं. पण जे काम स्वस्तातली डबी करते त्याच्यासाठी चारशे-पाचशे घालवायचे का हे ज्याने त्याने ठरवावं. एक लक्षात ठेवा, नागपूरला गाडीच्या डिकीत ठेवली तर वितळून बसते.

पावडरवर आता थोडं जास्त बोलावं लागेल कारण आपल्याकडे प्रत्येक घरात पहिला उपाय पावडरच. पावडर ओल शोषते हे खरं, पण तिची शोषायची मर्यादा असते. एकदा ती भरली की पावडरचे बारीक गोळे होतात आणि ते मांड्यांच्या मधे घोळत राहतात. ठाण्यात हे शाळेत पोचायच्या आधीच होतं. नागपुरात सकाळच्या वेळी, थोड्या चालण्याला, ठीक आहे. आणि ज्या थंडगार पावडरी घामोळ्यासाठी असतात त्यात मेंथॉल असतं, सोललेल्या जागी ते भयंकर झोंबतं, तिथे लावूच नका. दुसरं म्हणजे टाल्क. जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात थांबवली आणि २०२३ पासून जगभर बंद करून मक्याच्या स्टार्चची केली, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाल्कला माणसांत बहुधा कॅन्सर करणारं या गटात टाकलं. घाबरवायचं म्हणून सांगत नाहीये, पण बायकांनी तरी जांघेत आणि त्याच्या आसपास टाल्क टाकायची सवय सोडलेली बरी, विशेषतः दुसरे चांगले उपाय असताना. काखेत, मानेला लावायची तर मक्याच्या स्टार्चची घ्या आणि पातळ लावा.

आता समजा सोललंच आहे, हे वाचताय तेव्हा आधीच लाल झालंय, तर काय. संध्याकाळी घरी आल्या आल्या साध्या किंवा कोमट पाण्याने मीठ-घाम धुऊन टाका, सौम्य साबण, घासायचं नाही. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. डेटॉल, स्पिरिट, लिंबू, तुरटी, हळद-मीठ काही नको, जखम आधीच जळतेय तिला अजून का जाळायचं. मग झिंक ऑक्साइडचं क्रीम, तेच जे लहान बाळांच्या डायपर रॅशला देतात, मोठ्या माणसांना तेच तितकंच चालतं आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. नाहीतर परत व्हॅसलीनच, पातळ थर. मला झिंकचं आवडतं कारण ते वर पांढरा थर धरतं आणि सकाळपर्यंत लाली निम्मी उतरलेली असते. कातडी फाटलेली नसेल, नुसती लाल आणि गरम असेल तर रात्री कैलास जीवन लावलं की गार वाटतं, आमच्याकडे ते प्रत्येक पिढीने वापरलंय, पण त्यात कापूर आहे आणि कापूर असलेलं काहीच उघड्या जखमेवर लावायचं नसतं, आणि अगदी तान्ह्या बाळांना तर नकोच. रात्री सैल सुती गाउन, शक्य असेल तर मांड्यांच्या मधे मऊ धुतलेल्या सुती साडीचा तुकडा. नागपूरकरांनो, कूलरच्या अगदी समोर झोपत असाल तर ती हवा ओलसर असते, अंथरूण सकाळी दमट लागतं, त्या दिवसांत कूलरपासून जरा लांब आणि पंखा चालू. घासणं थांबलं तर बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत बरं होतं. थांबलंच नाही तर कुठलंही क्रीम लावा, बरं होणार नाही, म्हणूनच मी आधी पँटीला पाच मार्क दिलेत.

आता ती शून्य मार्कवाली ट्यूब. माझ्या धाकट्या भावाची गोष्ट, तो बाईकवर फिरून औषधांच्या ऑर्डरी घेतो, दिवसभर जीन्स, नागपूरचं ऊन. जांघेत घासून लाल झालं, मग खाज सुटली, त्याने जवळच्या एका दुकानात सांगितलं आणि त्यांनी न बघता एक ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत एकदम छान. सोडली की परत, पहिल्यापेक्षा मोठं. परत ट्यूब. असं करत करत ते मांडीवरून पोटाकडे गोल गोल पसरलं आणि जांघेत पांढुरके ताणाचे व्रण पडले, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसले, ते आता जाणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला क्लोबेटासॉल म्हणजे जबरदस्त ताकदीचं स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली-खाज दबते म्हणून माणसाला बरं वाटतं, आणि खाली बुरशी निवांत वाढत राहते, वर कातडी पातळ होते ते वेगळं. आपल्या देशात नायटा आता जुन्या औषधांना दाद देत नाही असं त्वचेचे डॉक्टर सारखे सांगतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी कितीतरी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर मागितलं की मिळतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर डॉक्टरने स्वतः बघून दिल्याशिवाय जांघेत लावू नका. अगदी कळकळीने सांगतेय.

नुसतं घासलेलं आणि बुरशी यातला फरक घरी बऱ्यापैकी ओळखता येतो. घासलेलं असेल तर दोन्ही मांड्यांना समोरासमोर सारखं असतं, जिथे टेकतं तिथेच, खाजेपेक्षा आग जास्त, आणि आराम दिला की कमी होतं. नायटा असेल तर कड उठलेली, गोल किंवा कमानीसारखी, कडेला बारीक खवले आणि मधे बरं होत आल्यासारखं, खाज बेफाम, आणि हळूहळू पसरतं. लालीच्या बाहेर सुटे सुटे बारीक दाणे किंवा पुरळ दिसले तर ती दुसऱ्या जातीची बुरशी असू शकते, शुगर असणाऱ्यांना ती जास्त होते. पू, ताप, लाली झपाट्याने वाढणं, घाण वास, आठवडा झाला तरी तसंच, किंवा शुगरचा पेशंट असेल आणि थोडंसं जरी सोललं तरी, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे. जून लागला की नागपुरात उमस सुरू होते आणि कूलर काही कामाचा राहत नाही, तेव्हा ही बुरशी जोरात असते, उन्हाळ्यातलं घासलेलं तोवर बरं करून ठेवा.

साडीवाल्यांसाठी अजून एक, परकराची नाडी. मांड्यांइतकंच ती काचते आणि तिकडे कोणी बघतच नाही. उन्हाळ्यात घामाने भिजलेली नाडी रोज कंबरेच्या त्याच रेषेत, मग तिथे काळा पट्टा, मग भेगा, मग खपली. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केस छापल्या, दोघींनाही कंबरेच्या त्या रेषेवर न भरणारी जखम होती आणि तिचा पुढे कातडीचा कॅन्सर झाला. त्यातली एक परकर न घालता लुगडं घट्ट कसून नेसायची, ४० वर्षं. आणि हे नवीन पण नाही, टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतर कसून नेसणाऱ्यांच्या कंबरेच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. हे फार क्वचित होतं, काळा पट्टा दिसला म्हणून कोणी रडायला बसू नका. पण नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा किंवा पट्ट्याचा परकर घ्या, रोज नाडी एक इंच वर-खाली बांधा, घरी आल्यावर लगेच सोडा, आणि कंबरेवर महिना-दीड महिना न भरणारी जखम असेल तर आई, आजी, सासूबाई कोणी असो, त्यांना दाखवायला घेऊन जा, त्या स्वतः म्हणणार नाहीत. मी आईला रुंद पट्ट्याचे परकर शिवून दिलेत, तिचा कंबरेचा पट्टा आता हाताला मऊ लागतो.

पुरुषांसाठी थोडक्यात. जीन्स बाईकवर नकोच, मधली जाड शिवण नेमकी जिथे नको तिथे बसते. मांडी झाकणारी लांब ट्रंक घ्या, वरच्या वर संपणारी नको. माझे सासरे वारीला चालतात, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, कधी ऊन कधी पावसात भिजलेलं धोतर, आणि ते धोतराच्या आत ती जुनी गुडघ्यापर्यंतची पट्ट्यापट्ट्याची नाडीची चड्डी घालतात आणि सकाळी निघताना मांड्यांना व्हॅसलीन. दिंडीतल्या बाकीच्यांना पण तेच सांगतात, विशेषतः दिवे घाटाच्या आधी. जे मी ऑनलाइन शोधत बसले ते त्या चड्डीत आधीपासून होतंच, लांबी पण बरोबर, फक्त कापड वाळायला वेळ लागतो म्हणून जास्तीची एक पिशवीत. लांब पळणाऱ्यांच्या छातीला टी-शर्ट घासून रक्त येतं त्यावर व्हॅसलीन किंवा मेडिकल टेप, तेवढं पुरतं.

काखेत आणि ब्राच्या पट्टीखाली घासत असेल तर तिथेही व्हॅसलीनच, पण ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याला काखेची शिवण दाबून चपटी करायला सांगा आणि अस्तर सुती, याने निम्मा त्रास जातो.

हाफ पँट ऑनलाइन घेणार असाल तर एकदम सहाचा पॅक घेऊ नका, आधी एक घ्या, पूर्ण दिवस घालून फिरा, मग बाकीच्या. कमीत कमी तीन लागतात, एक अंगावर, एक वाळत, एक कपाटात. धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर टाकू नका, त्याने कापड घाम शोषायचं कमी करतं. स्किन कलरची घेतली तर पांढऱ्या साडीखाली दिसत नाही, काळी दिसते. आणि दुकानात मोठ्या साइज समोर लावलेल्या नसतात, आतून काढून मागवायला लागतात, फाइव्ह एक्सेलपर्यंत असतात, सरळ मागा.